सहाशे चौतीस काळे फोटो

४ नोव्हेंबर

ओरडण्याआधी लिहून काढत जा, असं माझ्या किल्ल्यांच्या दुकानासमोरचा चष्मेवाला म्हणाला. म्हणे, वहिनी, तुमचा आवाज माझ्या दुकानातल्या काचांना सोसत नाही. मोठा विनोदी! पण आज एका गिऱ्हाइकावर मी अशी खेकसले की तो बिचारा किल्ली न घेताच पळाला, म्हणून लिहितेय. वही कुलपाच्या कंपनीने भेट दिलेली आहे, प्रत्येक पानावर खाली कुलपाचं चित्र. चालेल.

राग गिऱ्हाइकाचा नव्हताच. सकाळी शाळेतून फोन आला. तुमची मुलगी नऊ दिवस आलेली नाही, आजारी आहे का? मी म्हटलं, हो, ताप आहे. सतरा वर्षांच्या घोडीसाठी मला तिच्या बाईंशी खोटं बोलावं लागलं. रोज दप्तर घेऊन, डबा घेऊन निघते ही. जाते कुठे? तर बागेतल्या बाकावर. काय करतेस तिथे? काही नाही. हातात काय असतं? फोन. झालं! शेवटचं वर्ष आहे शाळेचं, मार्चमध्ये परीक्षा, आणि बाईसाहेब बाकावर बसून बोट सरकवतायत.

हिचा बाप दूर नोकरीला. महिन्याकाठी दोन दिवस येतो, लाड करतो आणि जातो. फोन त्यानेच आणला. तोंड वाजवायला मी आहेच.

५ नोव्हेंबर

सकाळी तिला समोर बसवलं. डोळे लाल, केस विंचरलेले नाहीत. फोन पालथा ठेवलेला, पण हात त्याच्यावरच. शाळेत का जात नाहीस? गप्प. कोणी त्रास देतं का? नाही. मुलगा आहे का कोणी? तेव्हा हसली, तेही नाकातून. म्हटलं, मग झालंय काय तुला?

"मला सगळं नको वाटतंय, आई."

"मलाही नको वाटतं. रोज साडेनऊला शटर वर करताना नको वाटतं. करते ना तरी?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

ती फोनकडे बघायला लागली. म्हणजे मी इथे जीव तोडून बोलतेय आणि ही फोनकडे! मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला, पुसलाही मीच. या वयात आम्हाला नको वाटायला वेळ कुठे होता?

९ नोव्हेंबर

तिच्या खोलीच्या दाराचं कुलूप काढून टाकलं. आतून लावून घेते आणि तासन् तास बाहेर येत नाही. माझ्या घरात माझ्यावरच कुलूप? अर्ध्या तासाचं काम. भोक उरलं त्यात लाकडाचा तुकडा ठोकून बसवला, घासला, वरून रंग दिला. इथे कधी कुलूप होतं हे सांगूनही कोणाला पटणार नाही.

काम चालू असताना ती पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मला वाटलं भांडेल. एक शब्द नाही. कपडे बदलायला आता बाथरूममध्ये जाते. जाऊ दे, नखरे नुसते.

११ नोव्हेंबर

आज एक सूट घातलेला माणूस आला. बायकोच्या कपाटाची किल्ली करून हवी, ती माहेरी गेलीय, म्हणाला. मी विचारलं, तिला माहीत आहे? चाचरला. मी हाकलून दिला. आमच्या धंद्यात एकच गोष्ट पाळायची असते. ज्याचं कुलूप तो समोर उभा असल्याशिवाय हात लावायचा नाही. मग तो नवरा असो, पोलीस असो नाहीतर साक्षात मंत्री. वडिलांनी मला धंदा शिकवला तेव्हा पहिली गोष्ट ही शिकवली, आणि मी माझ्या पोरीला शिकवली. आठ वर्षांची होती, कानस नीट धरता येत नव्हती, पण गिऱ्हाईक आलं की कमरेवर हात ठेवून विचारायची, "तुमचंच आहे ना हे?" लोक हसून लोळायचे.

आता दुकानाकडे फिरकत नाही. परवा म्हटलं, चार किल्ल्या घासून दे, हाताला काम. म्हणे, हात थरथरतात. दिवसभर बोटं नाचवताना नाही थरथरत ते!

१४ नोव्हेंबर

केलं. काय व्हायचं ते होवो.

ती आंघोळीला गेली आणि फोन उशीखाली विसरली. विसरली म्हणजे, पाणी गरम झालंय म्हणून मी घाई केली. आकड्यांच्या कुलपावर कुठली बटणं झिजलीत ते बघून आकडा काढणं हे माझं रोजचं काम. फोनच्या काचेवर तर बोटाचा तेलकट माग लखलखीत. भिंग घेतलं, खिडकीशी तिरका धरला, रेघ कुठून कुठे जाते ते बघितलं. तिसऱ्या खेपेला उघडला. ज्याचं कुलूप तो समोर नव्हता, हे कबूल करते. पण आई आहे मी, शेजारीण नव्हे.

मला वाटलं होतं कोणी मुलगा निघेल, घाणेरडे फोटो निघतील, कोणी धमकावत असेल. तसलं काही नाही. निघाले काय, तर काळे फोटो! शेपूट नावाची मैत्रीण होती हिची. नाव मीच ठेवलेलं, कारण सतत हिच्या मागे मागे. दोन वर्षांपूर्वी तिच्या घरचे दुसऱ्या गावी गेले. त्या शेपटीला ही रोज एक फोटो पाठवते आणि ती हिला. फोटो कसले? पूर्ण काळे. नाहीतर भिंत. नाहीतर छत, पायाचा अंगठा, गादीचा कोपरा. एक शब्द लिहिलेला नाही. मी वर वर सरकवत गेले, महिनेच्या महिने तेच. शेवटचं खरं बोलणं गेल्या वर्षीचं. आणि शेपटीच्या नावापुढे एक आकडा, ६३४. दोघी डोक्यावर पडल्यात की काय?

आणखी एक. ती फोनला काय काय विचारते तेही दिसलं. झोप येत नाही काय करू. फोन बाजूला ठेवला की छाती का धडधडते. फोन सोडायचा आहे पण सुटत नाही. काहीच वाटेनासं झालं तर. हे शेवटचं बऱ्याचदा होतं.

ते मी दोनदा वाचलं. मग राग आला. घरात आई बसलीय हाडामांसाची, आणि ही विचारते कोणाला, तर त्या काचेला! पाण्याचा आवाज थांबला तसा फोन उशीखाली होता तसा ठेवला. बाहेर आली, माझ्याकडे बघितलं. मी चादर झटकत होते.

१५ नोव्हेंबर

ठरवलं ते ठरवलं. फोन घेतला आणि दुकानातल्या छोट्या तिजोरीत टाकला. तिचं कुलूप मी स्वतः बनवलंय, ते माझ्याशिवाय कोणाच्या बापाला उघडत नाही. तिला म्हटलं, स्वतःच म्हणतेस ना सुटत नाही, मग मी सोडवते. जीभ चावली. पण तिच्या लक्षात आलं नाही, ती रडत होती.

"आई, दिवसातून एकदा दे. एकच मिनिट. तुझ्यासमोर."

"एकच मिनिट! दारुडाही एकच घोट म्हणतो."

"एक फोटो पाठवायचाय फक्त. मग लगेच परत घे. तुझी शपथ."

"कसला फोटो? अंगठ्याचा?"

हे मी बोलायला नको होतं, पण तेही तिने ऐकलं नाही. दुकानात, भर दुपारी, तिने माझे पाय धरले. बाहेर दोन बायका थांबल्या बघायला. काळ्या फोटोसाठी पोटची पोरगी पायावर डोकं ठेवते म्हणजे हे व्यसन किती खोल गेलंय! माझा निश्चय आणखी पक्का झाला. शटर ओढलं आणि तिला घरी घेऊन आले.

१७ नोव्हेंबर

सांगायला हरकत नाही, जमलं. पहिल्या दिवशी रडारड झाली, काल गप्प, आज तर एकदम शांत. सांगेल ते ऐकते. जेव म्हटलं की जेवते, नीज म्हटलं की निजते, भिंतीकडे तोंड करून पडून असते, कुरकुर नाही. दोन दिवसांत उलट उत्तर नाही की काही मागणं नाही. आज मी विचारलं, बघ, बरं वाटतंय ना? तर मान हलवली.

चष्मेवाल्याला ऐकवलं. म्हटलं, बघा भाऊ, तुम्ही लोक उगाच डॉक्टर, समुपदेशक करत बसता. तो नेहमीसारखा हसला नाही. काच पुसत म्हणाला, "वहिनी, ती बोलते का काही?" म्हटलं, हवंय कशाला बोलायला!

१९ नोव्हेंबर

घाईत लिहितेय, अक्षर लागलं तर लागेल.

शहाण्यासारखी वागली म्हणून दुपारी मीच फोन आणून दिला. वाटलं खूश होईल. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, सुरू केला, आणि उभ्या उभ्या वाचत राहिली. मग फोन टेबलावर ठेवला, हळूच, काचेचं भांडं ठेवावं तसा. बाथरूममध्ये गेली. कडी लागल्याचा आवाज आला. पाणी सोडल्याचा आला नाही.

फोन उघडाच होता, वाचला. शेपटीचा निरोप. "अगं, आपली साखळी तुटली एकदाची. बरंच झालं, मलाही कंटाळा आला होता रोज रोज. आता आपण मोकळ्या." पुढे हसणारी तोंडं तीन. आकडा नव्हताच. ६३४च्या जागी काही नाही.

तरी मला कळलं नाही. पाच मिनिटं मी भाजी चिरत होते. पाच मिनिटं! मग हाक मारली. उत्तर नाही. दार वाजवलं. उत्तर नाही. मी पिशवी आणली, सगळी हत्यारं आणली, आणि दारासमोर उभी राहिले तेव्हा डोकं सुन्न झालं. दाराला आतून साधी कडी. बाहेरून ना भोक, ना किल्ली, ना काही. बँकेची तिजोरी उघडलीय मी, गाडी उघडलीय, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं काढलीत. आणि चार इंची कडीपुढे काही सुचेना. बिजागऱ्याही आतल्या बाजूला.

मग मी ओरडले. उघड म्हणून ओरडले, मार खाशील म्हणून ओरडले, मी ओरडणार नाही गं, हेसुद्धा बोंबलूनच सांगितलं. खिडकीतून चष्मेवाल्याला हाका मारल्या. त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, तो धावत निघाला असेल, पण मला तो जन्मभराचा वेळ वाटला. घसा बसला. शब्द संपले. मी दाराला पाठ लावून खाली बसले आणि खरंच एक अक्षर तोंडातून निघेना.

किती वेळ गेला माहीत नाही. आतून बारीक आवाज आला.

"आई? तू गप्प का झालीस? पडलीस का?"

कडी निघाली. फरशीवर बसून होती, कोरडी, कपड्यांसकट. काही केलं नव्हतं. म्हणाली, कुठेतरी आत जाऊन बसायचं होतं, आणि खोलीचं दार लागत नाही. चष्मेवाला धापा टाकत दारात उभा होता. त्याने आम्हा दोघींना बघितलं आणि तोंड फिरवून जिन्यात जाऊन बसला.

२० नोव्हेंबर

दुकान बंद. तिच्या दाराला कुलूप परत बसवलं. तिने स्क्रू हातात दिले. एक किल्ली तिला दिली, दुसरी केलीच नाही.

२७ नोव्हेंबर

पोरीला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान. समोर कागद, कागदावर खुणा, शांत आवाज. मला शांत आवाजाचा राग येतो. मी सरळ विचारलं, फोनमुळे आजारी पडली की आजारी म्हणून फोन? त्या म्हणाल्या, दोन्ही एकमेकांत अडकलंय, महिनोन्महिने. हे काय उत्तर झालं? मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं तर परत येईल का?

त्यांनी पोरीला विचारलं, मरावंसं वाटतं का? असं, तोंडावर! मी खुर्चीतून उठलेच. ती म्हणाली, मरावंसं नाही, पण कुठेच नसावं असं वाटतं, उन्हाळ्यापासून. उन्हाळ्यापासून! म्हणजे मी तिला आळशी म्हणत होते, ढोंगी म्हणत होते, तेव्हापासून. आणि वाईट वाटलं की कोणाला सांगतेस, त्यांनी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. "आईला सांगितलं की आई चिडते."

मग मला विचारलं, फोन का काढून घेतलात ते तिला सांगितलं होतंत? मी म्हटलं, त्यात सांगायचं काय, दिसत होतं की! डॉक्टरीणबाईंनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल?

२८ नोव्हेंबर

त्या आकड्याचं काय ते तिने आज सांगितलं. रोज दोघींनी एकमेकींना काहीतरी पाठवायचं, मग आकडा एकाने वाढतो. एक दिवस चुकला की शून्य. सुरुवातीला खरे फोटो, गप्पा, हसणं. मग शेपटीला तिकडे नव्या मैत्रिणी मिळाल्या. बोलणं आटलं, आकडा राहिला. "तेवढंच उरलं होतं गं आमच्यात. मला वाटायचं आकडा आहे तोपर्यंत मैत्रीण आहे."

म्हणून ही ताप असला तरी फोन सोडत नव्हती. म्हणून बाकावर. शेपटीचा फोटो आला का, नाही आला, विसरली का, मग आठवण करू का, चिडेल का, आणि वाट बघता बघता बाकीचं सगळं चाळत बसायचं. रोज. पावणेदोन वर्षं.

माझं डोकं फिरलंय. शेपटीवर नाही, ती पण पोरच आहे. पण हे ज्याने बनवलं तो कोण? मी अडतीस वर्षं कुलपं बघतेय. कुठली वस्तू माणूस आत सुखरूप राहावा म्हणून बनवलीय आणि कुठली त्याला बाहेर पडता येऊ नये म्हणून, ते मला हातात घेतलं की कळतं. उंदराच्या पिंजऱ्याची झडप असते तसं हे आहे. आत ढकललं की उघडते, बाहेर ढकललं की नाही. कोणीतरी शिकलेल्या माणसाने, थंड खोलीत बसून, पोरी चुकतील तर शून्य करू, असं ठरवलं. आणि तो मला भेटणार नाही. दुकानात येणार नाही किल्ली करायला. आला तर हातोडी आहे माझ्याकडे.

पण झडप कोणाची का असेना, त्या दिवशी ती पाडली मी. एक मिनिट मागत होती.

१५ डिसेंबर

गोळ्या चालू आहेत. फोन किती वेळ, कुठल्या वेळी, ते ती आणि डॉक्टरीणबाई मिळून ठरवतात, मला फक्त कळवतात. माझाही फोन जेवताना कपाटात, हे कलम कोणी घातलं ते विचारायचं नाही म्हणे. शाळेने परीक्षा पुढच्या वर्षी द्यायला परवानगी दिली. हिच्या बापाला सांगितलं तर म्हणे वर्ष वाया जाईल. मी असं काही ऐकवलं की तो चौथ्या दिवशी रजा टाकून आला.

काही दिवस बरे, काही दिवस उठतच नाही. मध्ये तीन दिवस आंघोळ नाही. मी ओरडले. मग माफी मागितली. माफी मागायची सवय नसली की तीही ओरडूनच मागितली जाते.

एक गोष्ट मात्र घशात अडकलीय. चौदा नोव्हेंबरला मी फोन उघडला ते तिला माहीत नाही. चष्मेवाल्याला सांगितलं तर म्हणाला, आता कशाला उकरताय, पोरगी सावरतेय. डॉक्टरीणबाईंना सांगायला तोंड नाही. न सांगितलेलं बरं, असं रोज सकाळी ठरवते.

३ जानेवारी

ती पंधरा दिवसांपासून दुपारी दुकानात येते. आज किल्ल्या घासायच्या यंत्रावर बसली होती, हात बराच स्थिर. बाहेर एक म्हातारे गृहस्थ बॅगेचं कुलूप घेऊन उभे. ते तिने हातात घेतलं आणि त्यांना विचारलं, बॅग तुमचीच ना? माझ्याच्याने राहवेना. सगळं तोंडातून बाहेर पडलं.

"मी तुझा फोन उघडला होता. चौदा नोव्हेंबरला. तू आंघोळीला गेली होतीस."

यंत्र थांबलं.

"काय बघितलंस?"

"सगळं."

"काळे फोटो?"

"हो."

"आणि मी काय काय विचारलं होतं, ते?"

"हो."

ती उठली. मला वाटलं, आता जाऊन आत बसेल, भिंतीकडे तोंड करेल. नाही. चेहरा लाल झाला आणि तिने तोंड उघडलं, आणि बाई गं, आवाज माझा निघाला, हुबेहूब माझा.

"मला झोप येत नाही ते वाचलंस? छाती धडधडते ते वाचलंस? काहीच वाटत नाही ते वाचलंस? वाचलंस, आणि दुसऱ्या दिवशी फोन काढून घेतलास? मला एकदा विचारलं नाहीस? एकदा, आई! मी समोर होते ना! पायाशी होते तुझ्या!"

अख्खी गल्ली दारात आली. म्हातारे गृहस्थ बॅग छातीशी धरून मागे सरकले. चष्मेवाला धावत आला, अगं अगं करायला लागला. त्याला मी हाताने थांबवलं. म्हटलं, भाऊ, तुम्ही जा, तिचं बोलून होऊ दे.

ती खूप बोलली. कुलूप काढलं त्याचं बोलली, शाळेत तापाचं खोटं सांगितलं त्याचं बोलली, बापाचं, शेपटीचं, बाकाचं. दोनदा खोकला लागला, मी पाणी पुढे केलं, तिने घेतलं नाही. मला उत्तरं सुचत होती, प्रत्येकाला. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना उत्तरं देतेय. एकही दिलं नाही. शेवटी तिने विचारलं, "वाचून तुला काय वाटलं?"

"राग आला," मी म्हटलं.

"माझा?"

तेव्हा कळलं की मला त्याचंच उत्तर माहीत नाही. घाबरले होते मी. इतकी घाबरले होते की पळून जायला जागा नव्हती म्हणून ओरडत होते. तसं मी सांगितलं, अडखळत, त्या म्हाताऱ्यांच्या समोर. ती म्हणाली, मग तसं सांगायचं होतंस. आणि बॅगेचं कुलूप तसंच टेबलावर ठेवून निघून गेली. कुलूप मी उघडलं, गृहस्थांची माफी मागितली. ते म्हणाले, माझी नात अशी ओरडली असती तर बरं झालं असतं. आणि बॅग उचलून गेले. मला पुढे विचारायचं धाडस झालं नाही.

घरी आले तर ती जेवायला बसली होती, माझंही ताट वाढलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी अजून चिडलेय."

"दिसतंय."

"उद्या डॉक्टरांना हे सगळं सांगणार आहे मी. तुझ्यासमोर."

"सांग," म्हटलं. "मी येते."